पिसांची थैली, पितळी स्टो आणि दोन गावांची शीव

मी झोपायची थैली विकत घेतली ती माझ्या छातीपर्यंतच येत होती. माझी उंची मला ठाऊक होती, टेप खिशात होता आणि नोकरी मोजणी खात्यात होती. तरी मी ती मोजून घेतली नाही.

मोठी लढाई संपून वर्ष झालं होतं. पलटणीचं उरलंसुरलं सामान जालन्याच्या बाजारात येऊन पडत होतं: बूट, कंदील, पाण्याच्या बाटल्या, कसले कसले पट्टे. जुन्या सामानाच्या एका दुकानात मला ती थैली दिसली. गुंडाळून दोरीनं बांधलेली, एवढीशी, उशीसारखी. दुकानदारानं दोरी सोडली तर ती फुगतच गेली. आत पिसं भरलेली. एका बाजूनं आणि तळानं पितळी दातांची पट्टी, आणि त्या पट्टीवर एक छोटीशी घोडी. दुकानदारानं घोडी वर ओढली की दात एकमेकांत बसत, खाली ओढली की सुटत. बटण नाही, नाडी नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. एकदा त्यानं लावून दाखवलं, दोनदा मी लावून पाहिलं, आणि चौथ्यांदा मला असं वाटायला लागलं की ही वस्तू ज्याच्याजवळ नाही तो माणूस अजून उघड्यावरच जगतोय.

"गोऱ्या साहेबाची आहे," दुकानदार म्हणाला. "लंबे लंबे लोग होते साहब. आप तो आराम से आएंगे."

भर बाजारात आडवं होऊन बघायची मला लाज वाटली. मी मान डोलावली आणि थैली बगलेत मारली. कुठल्या गोऱ्या साहेबाची होती ती देवाला ठाऊक. माझा आजही अंदाज आहे की ती साहेबाची नसून एखाद्या बुटक्या नर्सबाईची असावी.

त्याच दुकानात पितळी स्टो घेतला. पंप मारायचा, रॉकेलवर चालणारा. त्याचं पितळ इतकं झळझळीत की माझा चेहरा त्यात आडवा दिसत होता. तो पेटवून दाखवला तेव्हा निळी ज्योत फुत्कारत उठली आणि मी एक पाऊल मागं सरलो. धूर नाही, राख नाही. स्टोसोबत एक लहान पत्र्याची डबी होती. "ये रख लो, काम की चीज है," असं दुकानदार म्हणाल्यावर मी तिच्यात डोकावलो. आत पातळ पत्र्याला लावलेल्या केसासारख्या बारीक तारा. मला वाटलं शिवणकामाचं काहीतरी आहे. मी ती डबी त्याला परत दिली, वर "हे तुमच्या घरी द्या" म्हणून औदार्यही दाखवलं.

आता एवढा खटाटोप कशासाठी, ते सांगायला हवं.

मंठ्याच्या बाजूला दोन गावं आहेत. त्यांची नावं मी घेत नाही, कारण दोन्ही गावांत मला अजून चहा मिळतो आणि तो मला घालवायचा नाही. एकाला उगवतीचं म्हणू, एकाला मावळतीचं. दोहोंच्या मधे गायरानाची एक लांबट पट्टी होती, बाभळी आणि कुसळी गवताची. शिवेचे दगड कधी कुणी हलवले कुणास ठाऊक, पण पट्टी आमची असं दोन्ही गावं म्हणत. दोनदा मोजणी झाली होती. पहिल्या मोजणीदारानं उगवतीच्या गावात हुरडा खाल्ला, म्हणून मावळतीच्यांनी मोजणी नामंजूर केली. दुसरा मावळतीच्या चावडीत त्यांची रजई पांघरून झोपला, म्हणून उगवतीचे उठून गेले. त्यावर दोन्ही गावांनी मिळून एक ठराव केला. त्यांच्यातली एकमतानं झालेली ती बहुधा एकच गोष्ट असेल. येणाऱ्या मोजणीदारानं कोणत्याच गावची भाकरी खायची नाही, विहिरीचं पाणी प्यायचं नाही, काडीसुद्धा जाळायची नाही. निजायचं शिवेवर. मोजणीची साखळी एकदा टाकली की काम पुरं होईपर्यंत शीव सोडायची नाही. आणि हे सगळं नीट पाळलं जातं का, ते पाहायला दोन्हीकडून एकेक राखणदार.

आमच्या मोठ्या साहेबांनी मला बोलावलं. मी तीन वर्षं हंगामी होतो. पावसाळा आला की मला घरी बसवायचे, दिवाळी झाली की परत बोलवायचे. साहेब म्हणाले, "दोन्ही गावांचे अंगठे पंचनाम्यावर आणा, तुमची नोकरी मुस्तकिल, कायमची करतो. एकाच गावाचे आणले तर परत येताना जालन्याला येऊच नका, तसेच घरी जा."

पौष महिना होता. मोजणी मला येत होती, प्रश्न निजण्याचा आणि चूल पेटवण्याचा होता. मी म्हटलं, हे दोन प्रश्न सोडवले की नोकरी खिशात.

माझ्याबरोबर साखळी धरायला आमच्या खात्यातले एक म्हातारे गृहस्थ होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. पन्नास मैलांतला एकही शिवेचा दगड नसेल ज्यावर त्यांनी बूड टेकलं नाही. त्यांचं सामान बैलगाडीत चढलं तेव्हा मला हसू आवरेना. दोन गोणपाटाची पोती, एकात एक घातलेली, मधे कडबा भरलेला. एक काळं घोंगडं. एक फुटकं घमेलं. आणि कोळशाचं एक पोतं.

"चाचा, हे काय?"

"बिस्तर बाबू. और ये चूल्हा."

"आणि हा कोळसा?"

"मेरा है. घर से लाया. किसी गाँव का नै."

गाडीत जागा कमी होती. माझी पेटी, नकाशाच्या नळ्या, स्टो, रॉकेलचा डबा. मी चाचांच्या समोर कोळशाचं पोतं उचललं आणि कचेरीच्या पडवीत ठेवून दिलं. "याची गरज नाही आता. जमाना बदलला," असंही म्हणालो. चाचा माझ्याकडं बघत राहिले, काही बोलले नाहीत. वयानं मोठी माणसं गप्प राहिली की मी त्या वयात त्याला संमती समजायचो.

शिवेवर पोचलो तेव्हा दिवस कलला होता. गाडीवान आम्हाला सोडून परत गेला, पाच दिवसांनी येतो म्हणाला. निजायची जागा मी निवडली. पट्टीच्या खालच्या अंगाला एक ओढा होता आणि त्याच्या कडेला बारीक, मऊ वाळू. वाहतं पाणी कोणत्याच गावचं नाही असं दोघांनी मान्य केलेलं, त्यामुळे पाण्याजवळ राहणं सोयीचं. चाचांनी मात्र वर, उंचवट्यावर, एका जुन्या बांधाच्या दक्षिणेला आपली पोती टाकली.

"अहो, खाली या, मऊ आहे."

"थंडी भी वहीच बैठती बाबू," चाचा म्हणाले. "पानी सरीकी. उतार देखके उतरती."

मला ते कविता केल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी मी स्टो पेटवला. तो प्रसंग मी कधी विसरणार नाही. उगवतीकडून पंधरावीस माणसं आली, मावळतीकडून तेवढीच. दोन्हीकडचे आपापल्या बाजूला, मधे आम्ही. मी पंप मारला, काडी लावली, आणि ती निळी ज्योत गरजत उठली. बायकांनी पदर तोंडावर घेतले. मावळतीकडून एक म्हातारी काठी टेकत पुढं आली. गावातले सगळे तिला आजी म्हणत. पट्टीच्या भांडणात मावळतीचं तोंड तीच होती. तिच्या शेळ्या तिथंच चरायच्या. ती स्टोभोवती चारी बाजूंनी फिरली, वाकून खाली पाहिलं, मग विचारलं, "ह्याचा धूर कुठं जाऊन राह्यला?"

"धूरच नाही आजी."

"धूर न्हाई?" ती मागं वळून आपल्या माणसांना म्हणाली, "आरं बघा रं, बिनधुराचा जाळ!"

पलीकडून उगवतीच्या पाटलानं, पिळदार मिशीच्या उंच माणसानं, मान वेळावून पाहिलं. त्याला आजीशी बोलायचं नव्हतं, पण राहवलं नाही. "आन् सरपण?" तो माझ्याकडं बघत म्हणाला.

"सरपण नाही पाटील. कुणाचंच नाही."

दोन्हीकडून "वा!" निघाला. भांडण लागून किती वर्षं झाली होती, आणि ही दोन गावं पहिल्यांदा एका वेळी एकच शब्द बोलत होती. माझी मान इतकी ताठ झाली की चहा उतू गेला ते कळलं नाही.

मग सगळे गेले. अंधार पडला. मी थैलीत शिरलो. पाय, गुडघे, कंबर, पोट गेलं, आणि थैली संपली. घोडी वर ओढली तर ती छातीच्या खालीच थांबली. पाय दुमडून पाहिले. मग आत खोल सरकून डोकं आत घेतलं, तर पाय थैलीच्या तळाला लागून गुडघे हनुवटीशी. एका अर्ध्या माणसाला पुरेल अशी ती थैली होती आणि दोन्ही अर्धे माझेच होते. शेवटी पाय ऊबेत आणि खांदे उघड्यावर, असा निर्णय घेतला.

पण त्यानिमित्तानं मी उताणा झालो. आणि वर पाहिलं.

मी शेतकऱ्याच्या घरातला, आभाळ मला नवं नव्हतं. पण घरच्या आभाळाला कडेला छप्पर असतं, झाडं असतात. इथं कडेला काहीच नव्हतं. मृगाचे तीन तारे सरळ डोक्यावर, त्यामागं व्याध, इतका धगधगता की तो माझ्याकडेच बघतोय असं वाटावं. जमीन सपाट, काळी, आणि त्या सपाट जमिनीवर एक माणूस छातीपर्यंत पिसांत. साखळीनं मी एकरांची मापं काढत होतो, ती सगळी मापं त्या आभाळाखाली मला खोटी वाटली. दात वाजत होते, पण डोळे मिटवत नव्हते. किती तरी वेळ मी तसाच पडून होतो. दोन्ही राखणदारांच्या विड्या दोन बाजूंना लाल होत होत्या, आणि त्याही मला तारेच वाटल्या.

पहाटे दव पडलं. वाळू ओली, थैली ओली. बांधाच्या आडोशाला चाचा कोरडे आणि ऊन आल्यावर उठलेले. मी त्यांच्या पोत्यात हात घातला. आत कडबा उबदार होता, म्हशीच्या गोठ्यासारखा. मी हात पटकन काढून घेतला. माणूस दुसऱ्याच्या सुखात हात घालून फार वेळ राहू शकत नाही.

दुसऱ्या संध्याकाळी स्टो रुसला. पंप मारला, ज्योत आली, पिवळी झाली, आणि फुस् करून गेली. बारीक छिद्रात रॉकेलची घाण अडकली होती. ते छिद्र साफ करायला केसासारखी बारीक तार लागते, हे मला तेव्हा कळलं. मी दुकानदाराच्या घरी शिवणकामाला दिलेली डबी आठवली.

मी बाभळीचा काटा घेतला. चांगला लांब, टोकदार. छिद्रात घातला, फिरवला, आणि तो आत मोडला.

चाचा पाण्याचा हात लावून भाकरी ओली करत होते. शिळी, घरून आणलेली. ते म्हणाले, "बाबू, ये काँटा किसका है?"

"म्हणजे?"

"बबूल तो झगड़े की जमीन पे है ना?"

मी चहूकडं पाहिलं. खरंच, त्या पट्टीवर माझं स्वतःचं असं काहीच नव्हतं. काटा वादातला. काटकी वादातली. वाळलेलं शेण कुणाच्या तरी म्हशीचं, आणि म्हैस कोणत्या तरी गावाची. आमच्याकडे जाळायला आमचं असं एकच होतं, ते जालन्याला कचेरीच्या पडवीत होतं.

"चाचा, तो कोळसा…"

"हौ," चाचा म्हणाले आणि भाकरी मोडून माझ्यापुढं धरली. एवढंच.

तिसऱ्या दिवशी सकाळी उगवतीचा पाटील नकाशा पाहायला म्हणून आला आणि मी अजून थैलीत होतो. उठायला म्हणून घोडी खाली ओढली तर कापड तिच्यात अडकलं. ओढलं, आणखी अडकलं. पाटील समोर उभा, मी जमिनीवर. मोजणीदारानं झोपून राहणं बरं दिसत नाही म्हणून मी तसाच उभा राहिलो. दोन्ही पाय एका पिशवीत, हातात टेप. नकाशा दगडावर ठेवलेला होता, तिथपर्यंत मी उड्या मारत गेलो. पाटील मिशीवर हात ठेवून हसू दाबत राहिला. पलीकडून आजीनं विचारलं, "ह्याला काय झालंय? पाय जोडून आलाय का जन्माला?" चाचांनी साखळीला लावायचं तेल आणून घोडीला लावलं आणि मला सोडवलं.

त्या दिवशी दुपारनंतर उत्तरेचा वारा सुटला. बरीच वर्षं झाली, पण तो वारा अजून माझ्या पाठीच्या कण्यात आहे. ज्वारीची ताटं एकमेकांवर आपटून सबंध रान खळखळत होतं. साखळीची कडी हातात धरली की विंचू चावल्यासारखं व्हायचं. अंधार पडला आणि माझे खांदे माझे राहिले नाहीत.

तेव्हाच उगवतीच्या बाजूला, हाकेच्या अंतरावर, एक शेकोटी दिसली. तिथं एका धनगराची मेंढरं शेतात बसवली होती. फिरता धनगर, उत्तरेकडून आलेला. खतासाठी मेंढरं आज ह्या शेतात, उद्या त्या शेतात बसतात. मी मनात हिशेब मांडला. धनगर कोणत्याच गावचा नाही, मेंढरं कोणत्याच गावची नाहीत, म्हणजे शेकोटीही कोणत्याच गावची नाही. अशी बिनचूक गणितं मी कायम थंडीत करतो.

"चाचा, चला. हात शेकून येऊ."

"नक्को बाबू."

"धनगर आहे तो. गावचा नाही."

"धनगर किसीका नै, सही. आग किसकी है, पूछे क्या?"

मी विचारलं नाही. मी गेलो.

धनगरानं मला पाहिलं आणि जागा करून दिली. "बसा की सायेब, गारठून गेलाव." मी खरंच फक्त हात शेकणार होतो. पण त्यानं जे केलं ते पाहून मी उठूच शकलो नाही. त्यानं शेकोटी एका लांबट खड्ड्यात केली होती, माणसाच्या मापाची. जाळ खाली बसल्यावर त्यानं निखारे फावड्यानं बाजूला ओढले. तापलेल्या खड्ड्यात वीतभर माती सारली. तीवर घोंगडं अंथरलं. "निजा," म्हणाला.

मी आडवा झालो. आणि खालून, जमिनीतून, ऊब वर आली. पिसातून नाही, ज्योतीतून नाही. जमीन मला धरून बसली होती. भोवती दोनशे मेंढरांचा श्वास, त्यांच्या अंगांची वाफ चांदण्यात वर चढत होती. वारा वरून जात होता, मला लागत नव्हता. मी डोळे उघडे ठेवायचा प्रयत्न केला, कारण असं काही मी पुन्हा पाहणार नव्हतो. मी जमीन मोजत आलो होतो, फुटांत, कड्यांत, गुंठ्यांत. तिच्या आत असं काही साठवता येतं, ते मला कुणीच सांगितलं नव्हतं. खात्याच्या कोणत्याच पुस्तकात ते नव्हतं. मला वाटतं मी रडलोही. पण थंडीनं डोळ्यांत पाणी येतंच, त्यामुळे तो मुद्दा मी सोडून देतो.

सकाळी धनगराच्या बायकोनं चूल पेटवली. बाजूला पऱ्हाट्यांची, कापसाच्या वाळक्या काड्यांची, मोठी मोळी होती.

"एवढी पऱ्हाटी कुठून आणली?"

"पाटलानं देल्ती," ती म्हणाली. "मेंढरं बसवली की धान्य आन् जळण त्येंचंच असतंय न्हवं?"

कोणता पाटील, हे विचारायची गरज नव्हती. शेत कुणाचं होतं ते माझ्या नकाशावर लिहिलेलं होतं.

मी परतलो तेव्हा चाचा बांधाआड बसून होते. ओठ निळे. रात्रीत वारा फिरला होता आणि बांधाचा आडोसा उपयोगाचा राहिला नव्हता. त्यांनी पोतं अंगाभोवती गुंडाळलेलं, घोंगडं डोक्यावरून. पण जागचे हलले नव्हते. त्यांना माझ्याकडं पाहून राग नाही आला. त्यांनी साखळी उचलली आणि म्हणाले, "चलो."

त्या दिवशी रेषा पुरी झाली. जुन्या नकाशातले दोन दगड अजून जागेवर होते. त्यांच्यावरून साखळी तीनदा टाकली. तीनदा चाचांनी कड्या बोटांनी चाचपून मोजल्या, तीनदा मी लिहून घेतलं. तिन्ही वेळा तेच आलं. पट्टी, ओढ्याकडचा एक कोपरा सोडला तर, सगळी उगवतीच्या गावची होती.

आणि मी रात्रभर त्यांची पऱ्हाटी जाळली होती.

चौथ्या रात्री मी चाचांच्या शेजारी झोपलो. त्यांनी माझी थैली हातात घेतली, घोडी खालपर्यंत ओढली, मग तळाची पट्टीही सोडली. थैली उलगडून चादरीसारखी पसरली. मग ती आडवी केली. लांबीला कमी होती, पण उघडल्यावर रुंदी माझ्या उंचीला पुरली. खाली कडब्याची पोती, वर पिसं, त्यावर घोंगडं, आणि आम्ही दोघं पाठीला पाठ लावून. मी मोजणीदार होतो. लांबी आणि रुंदी अदलाबदल करता येते हे माझ्या डोक्यात चार दिवसांत आलं नव्हतं. पौषातल्या त्या वाऱ्यात मला घाम आला. मी वर पाहत राहिलो आणि मला त्या म्हाताऱ्याचंच नवल वाटत राहिलं.

"चाचा," मी म्हणालो, "धनगराकडं गेलो ते सांगावं लागेल का?"

त्यांनी घोंगडं नीट ओढून घेतलं.

"सांगितलं तर मावळतीचे अंगठा देणार नाहीत. माझी नोकरी गेली. आणि मोजणी तर बराबर आहे ना?"

"बराबर है."

"मग?"

"बोलो, नक्को बोलो. मैं कुछ नै बोलूंगा," चाचा म्हणाले. "साखळी उतनीच रहती." आणि पुढच्या क्षणी घोरायला लागले.

पाचव्या दिवशी सकाळी दोन्ही गावं जमली. पाटलाच्या बाजूला तीस माणसं, आजीच्या बाजूला तीस. पंचनामा दगडावर, शाईची डबी उघडी. मी रेषा दाखवली. उगवतीकडं गलका झाला, पाटलानं फेटा सावरला. आजी काठीवर हनुवटी टेकवून उभी होती, शेळ्या तिच्यामागं.

मला बोलायचं नव्हतं. खरं सांगतो, मी तोंड उघडलं ते पाटलाला अंगठा लावा म्हणायला. आणि बाहेर आलं ते दुसरंच.

"त्याआधी एक सांगायचंय. तिसऱ्या रात्री मी धनगराच्या शेकोटीवर निजलो. पऱ्हाटी पाटलांची होती. मला ठाऊक नव्हतं. पण मी विचारलंही नाही."

गलका बंद झाला. पाटलाचा हात फेट्यावरच राहिला. त्याला मेहनतीनं मिळालेली पट्टी हातातून सुटताना दिसत होती. तो माझ्याकडं अशा नजरेनं पाहत होता की मला ओढ्यात जाऊन बसावंसं वाटलं. मला वाटलं, आता आजी शाईची डबी उलटी करणार. साहेबांचा चेहरा डोळ्यांपुढं आला, आणि घरची ओसरी.

आजी हलली नाही. म्हणाली, "ठाऊक हाय."

"ठाऊक आहे?"

"आमचा राखणदार काय डोळे मिटून बसला व्हता? तुह्या पाठीमागं आल्ता तो. तू मेंढरात घोरून राह्यला व्हता." मावळतीकडं कुणीतरी हसलं. आजीनं काठीनं त्याला गप्प केलं. "आम्ही दोन दिस वाट पाह्यली, हा बोलतो का गप बसतो. न्हाई बोलला असता तर म्या शाई वतून देल्ली असती."

मग ती चाचांकडं वळली. चाचा साखळी गुंडाळत होते, नेहमीसारखी, कडीवर कडी. "चाचा, तुमी का न्हाई गेलाव? म्हातारं माणूस, मरून गेला असताव."

चाचांनी वर पाहिलं. "पूछा नै था, आग किसकी है," ते म्हणाले. "बिना पूछे कैसे जाता?"

आजी त्यांच्याकडं बघत उभी राहिली. वारा पडला होता. एवढ्या माणसांत साखळीच्या कड्या एकमेकींवर पडल्याचा आवाज ऐकू येत होता. मी आजही सांगतो, मी पुष्कळ साहेब पाहिले, पुष्कळ पंचनामे केले, पण एवढा मोठा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. निळ्या ओठांचा, फुटक्या घमेल्याचा. आणि त्याचा कोळसा मी पडवीत ठेवून आलो होतो.

आजीनं शाईत अंगठा बुडवला. पंचनाम्यावर दाबला, चांगला घट्ट. मागोमाग मावळतीची बाकीची माणसं आली. मग पाटील आला.

"आजी," मी म्हणालो, "तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात."

आजीनं अंगठा गवताला पुसला आणि शेळ्यांना हाकलायला काठी उचलली.

"तुह्यावर?" ती म्हणाली. "हा अंगठा चाचाच्या साखळीला देलाय. तुह्याकडून म्या माह्या शेळ्या बी मोजून घेणार न्हाई."